काच फुंकण्याआधी ती फिरवायला शिका

काचकाम शिकायला बसलेल्या माणसाची पहिली फसगत कामाच्या नावामुळेच होते. ‘काच फुंकणे’ म्हटले की गाल फुगवून नळीत हवा सोडणारा कारागीर डोळ्यांपुढे येतो आणि आपणही नळी तापवून लगेच तोंडाला लावतो. माझ्या पहिल्या महिन्यातले जवळजवळ सर्व तुकडे असेच वाया गेले. कुठे एका बाजूला अंड्याच्या टरफलाइतका पातळ फुगवटा आला, कुठे नळी वाकून लोंबली, कुठे फुगा हातात फुटून त्याचे पापुद्रे हवेत उडाले. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की या सर्व तुकड्यांत फुंकण्याची चूक फार थोडी होती. काच असमान तापली होती, आणि ती असमान तापली होती कारण माझे दोन हात तिला एकसारखे फिरवत नव्हते. पुढील मार्गदर्शन याच अनुभवावर उभे आहे. त्यात फुंकण्याची पाळी बरीच उशिरा येते, हे आधीच सांगून ठेवतो.

घरी कोणते काचकाम जमते

काचकामाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला भट्टीवरचा. त्यात सुमारे ११०० अंश सेल्सिअसला वितळलेली काच लोखंडी फुंकनळीच्या टोकावर गुंडाळून घेतात आणि ती फुगवून आकार देतात. ती भट्टी रात्रंदिवस तापलेली ठेवावी लागते, काम करताना काच पुन्हा पुन्हा गरम करायला दुसरी भट्टी लागते, तयार वस्तू निववायला तिसरी, आणि मदतीला एक माणूस. १९६२ साली अमेरिकेतल्या टोलेडो येथे काचकलावंत हार्वी लिटलटन यांनी घेतलेल्या कार्यशाळांनंतर लहान भट्टी एकट्या कलावंताच्या आवाक्यात आली हे खरे, तरी घरच्या गॅरेजमध्ये ती परवडणारी नाही. आपल्याकडे १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे सुरू झालेला पैसा फंड काच कारखाना किंवा प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी पोचलेला ओगलेवाडीचा कारखाना याच पहिल्या प्रकारातले. फिरोजाबादच्या भट्ट्याही त्याच जातीच्या.

दुसरा प्रकार बर्नरवरचा. यात काच वितळवून बनवायची नसते. तयार नळ्या आणि कांड्या ज्योतीत मऊ करून त्यांना आकार द्यायचा असतो. पूर्वी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर भात्याने हवा मारून हे काम चाले, म्हणून त्याला आजही लॅम्पवर्क म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातली काचेची फुले लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी याच पद्धतीने घडविली, आणि प्रयोगशाळेतले चंबू, कंडेन्सर, तोट्या हेही असेच बनतात. छंद म्हणून सुरुवात करणाऱ्याने हा प्रकार निवडावा. बाक, बर्नर, पाचसहा नळ्या आणि एक लहान विद्युतभट्टी एवढ्यावर वर्षभर शिकता येते.

काच ओळखणे

पहिला खर्च काचेवर करण्यापूर्वी तिची जात समजून घ्यावी. खिडकीची तावदाने, बाटल्या, लोणच्याच्या बरण्या ही सोडा-लाइम काच असते. प्रयोगशाळेतली उपकरणे आणि गॅसवर चालणारी काचभांडी बहुधा बोरोसिलिकेटची असतात. दोघींमधला निर्णायक फरक प्रसरणाचा आहे. तापमान एका अंशाने वाढले की बोरोसिलिकेट दशलक्षांत सुमारे ३.३ भागांनी प्रसरण पावते आणि सोडा-लाइम सुमारे ९ भागांनी. म्हणजे ज्योतीत शिरताना आणि बाहेर येताना सोडा-लाइम काचेला जवळजवळ तिप्पट ताण सोसावा लागतो. ती लवकर मऊ होते, पण अडाणी हाताला तडकून उत्तर देते. बोरोसिलिकेटला मऊ व्हायला ८२० अंशांच्या आसपास आणि नीट वाकायला त्याहून बरेच अधिक तापमान लागते. त्यासाठी ज्योतीत ऑक्सिजन सोडावा लागतो. मात्र नवख्याच्या चुका ती अधिक माफ करते. नळीकाम शिकायचे असेल तर माझे मत निःसंशय बोरोसिलिकेटच्या बाजूने आहे.

दोन जाती एकमेकींना जोडता येत नाहीत. ज्योतीत त्या गुण्यागोविंदाने एकजीव होतात आणि निवताना फुटतात. भंगारातून स्वस्तात मिळालेल्या नळ्यांच्या गठ्ठ्यात दोन्ही जाती मिसळल्या होत्या, हे मला कळायला तीन आठवडे आणि अकरा जोड लागले. त्यानंतर मी दोन चाचण्या कायमच्या अंगवळणी पाडून घेतल्या.

पहिली चाचणी ग्लिसरीनची. औषधाच्या दुकानात मिळणारे शुद्ध ग्लिसरीन उंच पेल्यात घेऊन त्यात काचेचा तुकडा बुडवावा. ग्लिसरीन आणि बोरोसिलिकेट यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, जवळजवळ सारखा, सुमारे १.४७ असल्यामुळे बोरोसिलिकेटचा तुकडा दिसेनासा होतो. सोडा-लाइमचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असल्यामुळे तिच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळलेले असेल तर निकाल फसवा येतो.

दुसरी चाचणी धाग्याची. दोन अनोळखी काचांची टोके ज्योतीत शेजारी शेजारी चिकटवून मऊ करावीत, बाहेर काढावीत आणि चिमट्याने ओढून हातभर बारीक धागा काढावा. धागा निवल्यावर सरळ राहिला तर प्रसरण जुळते. तो धनुष्यासारखा वाकला तर जुळत नाही, आणि वाकाच्या आतल्या बाजूची काच अधिक आकुंचन पावणारी आहे असे समजावे. दोन मिनिटांची ही चाचणी पुढचे दोन दिवस वाचवते.

विकत घेताना १२ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या आणि १.५ मिलिमीटर जाडीच्या नळ्या घ्याव्यात. त्या दीड मीटर लांबीच्या येतात, म्हणजे एकीचे ३० सेंटिमीटरचे पाच तुकडे होतात. याहून बारीक नळी पटकन कोसळते आणि जाड नळीला छोट्या बर्नरची उष्णता पुरत नाही. जुन्या ट्यूबलाइटची काच कधीही वापरू नये, कारण तिच्यात पारा असतो. प्रयोगशाळेतून टाकून दिलेली, आत काय होते ते ठाऊक नसलेली नळीही ज्योतीत धरू नये.

जागा, ज्योत आणि डोळे

बाकाचा पृष्ठभाग न जळणारा असावा. माझ्या बाकावर सिमेंटची पाटी आहे आणि तिच्यावर पत्रा ठोकलेला आहे. बसल्यावर दोन्ही कोपर बाकावर टेकले पाहिजेत. कोपर अधांतरी असतील तर हात थरथरतो आणि ती थरथर काचेत उतरते. पंखा थेट ज्योतीवर येऊ नये, पण खोलीची हवा सतत बदलत राहिली पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो, म्हणून वरची खिडकी पुरेशी नाही, खालूनही हवा खेळती हवी. तळघरात हे काम करू नये. सिलिंडर बाहेर, उभा आणि साखळीने बांधलेला असावा. घरातले १४.२ किलोचे सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेले असते. या कामाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणि त्याला साजेसा दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर घ्यावा. दोन्ही वायूंच्या नळ्यांवर ज्योत उलटी जाऊ न देणारे झडप-यंत्र बसवून घ्यावे आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

ऑक्सिजनसाठी दाबाच्या सिलिंडरऐवजी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नवख्याला सोयीचा पडतो. कोविडच्या काळात घराघरांत आलेली ही यंत्रे आता वापरलेली मिळतात. मिनिटाला दहा लिटर देणारे यंत्र लहान बर्नरवर १२ मिलिमीटरच्या नळीला मला पुरते. ऑक्सिजनच्या कोणत्याही जोडाला तेल, ग्रीस किंवा तुपाचा हात लागता कामा नये, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ आपोआप पेट घेऊ शकतात. बर्नर असा घ्यावा की ज्यात दोन वायू तोंडाबाहेर येऊन मिसळतात. आत मिसळणाऱ्या बर्नरमध्ये ज्योत आत शिरण्याचा धोका अधिक असतो. पेटवताना आधी गॅस सोडून तो पेटवावा आणि मग ऑक्सिजन हळूहळू वाढवावा. विझवताना आधी ऑक्सिजन बंद करावा आणि शेवटी गॅस. हा क्रम कागदावर लिहून बाकासमोर चिकटवावा. मी अजून तो कागद काढलेला नाही.

डोळ्यांसाठी डिडिमियमचा चष्मा लागतो. तापलेल्या काचेतला सोडियम ५८९ नॅनोमीटरचा झगझगीत पिवळा प्रकाश टाकतो. त्याने डोळे शिणतात आणि काचेची कड त्या पिवळ्या पडद्याआड दिसेनाशी होते. डिडिमियमची भिंगे नेमका तोच रंग गाळतात. साध्या काळ्या चष्म्याने सर्वच अंधारते आणि काम अधिक बिघडते. कपडे सुती असावेत. नायलॉन, पॉलिस्टर, लोंबती ओढणी किंवा सैल बाह्या नकोत. केस बांधलेले हवेत.

सर्वांत जास्त भाजते ते थंड दिसणाऱ्या काचेने. काच लाल दिसू लागते ती ५०० अंशांच्या पुढे. ४०० अंशांवरची नळी आणि कालची नळी डोळ्यांना सारखीच दिसते. म्हणून बाकाची डावी बाजू गार तुकड्यांची आणि उजवी बाजू गरम तुकड्यांची, अशी कायमची वाटणी करावी आणि शंका असेल तिथे तळहाताची मागची बाजू काचेजवळ नेऊन धग येते का ते पाहावे. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये.

ज्योत न पेटवता पहिला आठवडा

एका जुन्या मोज्याचा बोटभर लांबीचा तुकडा कापावा आणि नळीचे दोन तुकडे त्याच्या दोन टोकांत खोचून दोऱ्याने बांधावेत. मधला कापडी भाग म्हणजे मऊ झालेली काच असे समजावे. डावा हात पालथा, नळी शेवटच्या तीन बोटांच्या खोबणीत आणि अंगठा व तर्जनी फिरवणारी. उजवा हात उताणा, नळी लेखणीसारखी धरलेली. आता दोन्ही नळ्या एकाच गतीने, एकाच दिशेने फिरवाव्यात. कापडाला पीळ पडला तर एक हात पुढे गेला, कापड सैल पडून लोंबले तर हात जवळ आले, ताणले तर लांब गेले. पहिल्या दिवशी माझा मोजा जिलबीसारखा वळत होता. रोज रात्री बातम्या पाहताना दहा मिनिटे हा उद्योग केल्यावर आठवड्याने पीळ पडेनासा झाला. घरच्यांची करमणूक झाली ती वेगळी.

हा अभ्यास टाळणारे पुष्कळ जण असतात, कारण त्यात ज्योत नाही आणि काचही नाही. पण मऊ झालेल्या काचेवर गुरुत्वाकर्षण दर क्षणाला काम करीत असते. नळी फिरती राहिली तरच ती ओढ सर्व बाजूंना सारखी वाटली जाते आणि नळी आपला अक्ष सोडत नाही. फिरवणे थांबले की एका सेकंदात काच खाली उतरते, आणि खाली उतरलेली काच फुंकून वर येत नाही.

कापणे, कडा मोडणे, टोक काढणे

नळी कापण्यासाठी टंगस्टन कार्बाइडची सुरी किंवा धारदार कानस घ्यावी आणि एकाच फटक्यात घेराच्या चतुर्थांशाहून लहान ओरखडा काढावा. करवतीसारखे पुढेमागे घासू नये, त्याने तडा वेडावाकडा जातो. ओरखड्यावर पाण्याचा थेंब लावून तो आपल्यापासून दूर राहील अशी नळी धरावी, दोन्ही अंगठे ओरखड्याच्या मागे टेकवावेत, आणि वाकवण्यापेक्षा ओढण्यावर भर देऊन तोडावी. हातमोजे आणि चष्मा घातलेले असावेत. मग कापलेली कड ज्योतीच्या टोकाजवळ फिरवत गुळगुळीत करावी. निळ्या लहान सुळक्यांच्या किंचित पुढची जागा ज्योतीत सर्वांत तप्त असते. काच आधी ज्योतीच्या दूरच्या भागात ऊन करून मगच तिथे आणावी. कड गोल होताच थांबावे, नाही तर तोंड आवळत जाते.

यानंतरचा धडा टोक काढण्याचा. माझ्या मते साऱ्या शिक्षणाचा पाया हाच आहे. नळीच्या मधला दोन ते तीन सेंटिमीटरचा पट्टा सतत फिरवत तापवावा. काच मऊ झाली की भिंत जाड होऊ लागते आणि व्यास थोडा कमी होतो. या वेळी हात एकमेकांकडे किंचित सरकू द्यावेत. मग नळी ज्योतीबाहेर काढावी, एक सेकंद थांबावे, आणि फिरवणे चालूच ठेवून आधी सावकाश, मग थोड्या वेगाने वीस-पंचवीस सेंटिमीटर ओढावे. काच ताठ होईपर्यंत फिरवणे थांबवायचे नाही. मधला बारीक भाग ज्योतीने तोडला की दोन नळ्या मिळतात आणि प्रत्येकीला दांड्यासारखे बंद टोक असते. पुढच्या प्रत्येक कामात हे टोक मूठ म्हणून वापरायचे असते, म्हणून ते नळीच्या अक्षावर सरळ असले पाहिजे. ते बाकावर घरंगळत सोडून पाहावे. टोक हवेत वर्तुळ काढीत असेल तर तो तुकडा बाद.

बिघाड वाचणे इथेच शिकावे. टोक तिरपे आले तर ओढताना फिरवणे थांबले होते. टोकाची भिंत कागदासारखी पातळ झाली तर काच ज्योतीत असतानाच ओढली होती. नागमोडी पीळ दिसला तर दोन हातांची गती वेगळी होती. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर एक बाजू ज्योतीत जास्त वेळ राहिली होती. मी अशी सत्तरेक टोके काढली, तेव्हा कुठे सलग पाच सरळ आली, आणि त्या दिवशीच पुढे जायचे ठरवले.

फुगा

आता फुंकण्याची पाळी. आधी थोडा हिशेब करावा, कारण माझ्या फुटलेल्या फुग्यांचे कारण अखेर कागदावरच सापडले. ३० मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर जाडीचा फुगा करायला सुमारे २६५० घन मिलिमीटर काच लागते. आपल्या १२ मिलिमीटरच्या नळीत प्रत्येक मिलिमीटर लांबीला सुमारे ४९.५ घन मिलिमीटर काच असते. भागाकार केला की सुमारे ५३ मिलिमीटर येतात. म्हणजे एवढ्या फुग्यासाठी पाच सेंटिमीटरहून अधिक नळीतली काच एका जागी गोळा करायला हवी. मी दोन सेंटिमीटर तापवून तेवढाच फुगा काढू पाहत होतो. त्याची भिंत ०.४ मिलिमीटरच्याही आत जाणार होती आणि तिने फुटण्यावाचून दुसरे काही करणे शक्य नव्हते.

काच गोळा करण्याची रीत अशी आहे. नळीच्या बंद टोकाच्या लगतचा भाग फिरवत तापवावा, तो आवळून जाड झाला की बाहेर काढून हलकी फुंकर मारून मूळ व्यासावर आणावा. मग शेजारचा भाग तापवून पहिल्या भागात हळूच दाबून मिसळावा, पुन्हा फुंकर मारावी. असे तीनचार वेळा केल्यावर एक जाड, सारख्या भिंतीचा गोळा तयार होतो. त्यावर खाचा किंवा वळ्या राहिल्या तर त्या फुग्यात पातळ पट्टे बनून उतरतात, म्हणून गोळा पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत घाई करू नये.

गोळा नारिंगी होऊन हलू लागला की तो ज्योतीबाहेर आणावा आणि फिरवत फिरवत एक-दोन सेकंद थांबावे. या थांबण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भिंतीचा पातळ भाग उष्णता लवकर गमावतो आणि ताठ होतो, तर जाड भाग अजून मऊ असतो. त्यामुळे नंतर मारलेली फुंकर जाड भागाला अधिक फुगवते आणि जाडी आपोआप सारखी होत जाते. बाहेर आणल्याबरोबर फुंकले तर सर्वांत तप्त आणि पातळ जागाच पुढे पळते. सुरुवातीची फुंकर गालांतल्या हवेची, अगदी हलकी असावी. काच ताठ होत जाईल तसा जोर वाढवावा. कधीही ज्योतीत असताना फुंकू नये आणि नळीतून श्वास आत ओढू नये. नळी तोंडाशी नेताना अक्ष हलत असेल तर रबरी नळी आणि फिरता जोड वापरावा. काही कारागीर त्याला कमी लेखतात, पण मी त्यांच्या मताला मान देऊन रबरी नळीच वापरतो.

एका फुंकरीत फुगा पूर्ण करायचा प्रयत्न नको. दोन-तीन वेळा पुन्हा तापवून, आवळू देऊन, पुन्हा फुगवलेला फुगा अधिक गोल येतो. गोल तळाची परीक्षानळीही याच रीतीने होते. तिथे टोक तोडल्यावर तळाशी काचेचा जाड ठिपका उरतो. तो तापवून गार कांडीने टिपून घ्यावा, कारण बहुतेक परीक्षानळ्या नेमक्या त्या ठिपक्याभोवती तडकतात.

दोन नळ्यांचा जोड

दोन्ही टोके सारखी तापवून, हळूच टेकवून, लगेच केसभर मागे ओढावीत. मग ज्योत बारीक करून जोडाची रेघ फिरवत तापवावी, ती आवळू द्यावी, फुंकून नळीपेक्षा किंचित मोठी करावी आणि ओढून मूळ व्यासावर आणावी. रेघ दिसेनाशी होईपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. चिकटले म्हणजे जोडले अशी माझी समजूत होती. वरून चिकटलेल्या जोडात आतल्या बाजूला खोल खाच राहते आणि दुसऱ्या दिवशी तडा तिथूनच निघतो. जोडात टाचणीएवढे भोक राहिले असेल तर फुंकताना ज्योत तिथे किंचित हलते. तेवढीच जागा तापवून टंगस्टनच्या सुईने कडा एकत्र आणाव्यात.

नळी वाकवण्याबद्दल एवढेच सांगणे पुरे आहे की तापवायचा पट्टा नेहमी वाटतो त्याच्या दुप्पट रुंद घ्यावा आणि वाकवल्याबरोबर हलकेच फुंकावे, म्हणजे आतली बाजू चपटी होत नाही.

निववणे

काच निवताना तिची बाहेरची बाजू आधी आखडते आणि आतली बाजू नंतर. हा फरक घन झालेल्या काचेत ताण म्हणून अडकून राहतो. तो ताण तासाने, दिवसाने किंवा आठवड्यानेही तड्याच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. माझा पहिला धड जमलेला चंबू तीन दिवस फळीवर उभा होता आणि चौथ्या दिवशी पहाटे, कोणी हात लावला नसताना, टणकन फुटला. म्हणून वस्तू अजून गरम असतानाच तापलेल्या विद्युतभट्टीत ठेवावी. बोरोसिलिकेटसाठी ५६५ अंशांवर अर्धा तास धरावे, तिथून ५०० अंशांपर्यंत मिनिटाला दोन अंशांच्या बेताने उतरवावे, आणि मग भट्टी बंद करून दार न उघडता रात्रभर राहू द्यावे. ही मात्रा तीन मिलिमीटरपर्यंतच्या भिंतीसाठी आहे. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहून बराच अधिक लागतो.

भट्टी घेईपर्यंतच्या काळात पातळ आणि सारख्या जाडीच्या तुकड्यांसाठी जुना उपाय आहे. ऑक्सिजन हळूहळू कमी करून मोठ्या, मऊ, पिवळ्या ज्योतीत तुकडा काजळी धरेपर्यंत फिरवत राहावे आणि मग वारा लागणार नाही अशा जागी टांगून ठेवावे. वर्मिक्युलाइटमध्ये (तापवून फुगवलेल्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत) पुरल्याने निवणे लांबते, पण ताण पुरता जात नाही. शिवाय त्याची आणि भट्टीच्या सिरॅमिक लोकरीची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मुखपट्टी बांधावी.

ताण उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एलसीडी पडद्याच्या संगणकावर पांढरे पान उघडावे. त्या पडद्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा असतो. ध्रुवण-भिंगांचा चष्मा हातात धरून, पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा आणि मधे काचवस्तू धरावी. ताण नसलेली काच काळीच राहते. जिथे ताण आहे तिथे पांढुरके ढग किंवा रंगीत पट्टे उजळतात. हे प्रथम पाहिले तेव्हा मी फळीवरच्या साऱ्या ‘चांगल्या’ वस्तू एकामागून एक पडद्यापुढे धरल्या, आणि त्यांतल्या दोनच काळ्या राहिल्या.

तुकड्यांची वही

चुकतमाकत शिकण्याची खरी अडचण अशी की चूक दिसते, पण तिचे कारण दिसत नाही, कारण दोन तुकड्यांमध्ये आपण एकाच वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. म्हणून प्रत्येक तुकड्यावर मार्करने क्रमांक घालावा आणि वहीत त्याच क्रमांकापुढे या वेळी बदललेली एकच गोष्ट लिहावी: पट्ट्याची रुंदी, थांबण्याचे सेकंद, ज्योतीतला ऑक्सिजन. फुटलेले तुकडे लगेच फेकू नयेत. मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि महिन्यातून एकदा वहीशी ताडून पाहतो.

तड्यांनाही भाषा असते. जोडाला समांतर, घेराभोवती गेलेला तडा बहुधा निववण्यातली घाई सांगतो. जाड आणि पातळ भागांच्या सीमेवरून निघालेला तडा जाडीतला फरक सांगतो, आणि तो भट्टीने पूर्ण झाकता येत नाही. नखाएवढी चंद्रकोर दिसली तर गरम काचेला गार चिमटा किंवा ओली पाटी लागली होती. नळीच्या लांबीने धावणारा तडा बरेचदा कापतानाच्या वाईट ओरखड्यापासून सुरू होतो, म्हणजे चूक ज्योत पेटण्यापूर्वीच झालेली असते. काचेवर पांढुरके धुके आले असेल तर ती फार तापवली गेली आहे. अधिक ऑक्सिजनच्या ज्योतीत अलगद फिरवल्यास ते पुष्कळदा निघते.

टोक, फुगा, परीक्षानळी आणि सरळ जोड ही चार कामे सलग पाच वेळा जमली की ‘टी’ जोडाकडे, म्हणजे एका नळीच्या बाजूला दुसरी नळी काटकोनात जोडण्याकडे वळावे. तिथे उष्णता नळीच्या एकाच बाजूला द्यावी लागते आणि पूर्वीसारखे मोकळेपणाने फिरवता येत नाही, त्यामुळे आजवर हाताने सांभाळलेला तोल ज्योतीच्या आकाराने सांभाळावा लागतो. या टप्प्यावर जाणत्या माणसाजवळ दोन दिवस बसायला मिळाले तर सोडू नये. विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत आणि मोठ्या संशोधन संस्थांत उपकरणे घडवणारे व दुरुस्त करणारे काचकारागीर असतात. त्यांच्याकडे जाताना आपली सर्वांत चांगली वस्तू न्यायची नाही. पत्र्याचा डबा आणि वही न्यावी.

डबा भरला की तुकडे जाड वर्तमानपत्रात गुंडाळावेत, खोक्यात घालून वर ‘फुटलेली काच’ असे ठळक लिहावे आणि कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगून द्यावे. ही काच बाटल्यांच्या भंगारात टाकू नये, कारण ती त्यांच्याबरोबर वितळत नाही.